यंत्रात आहे, पण सापडत नाही : स्थानिक डॉक्युमेंटेशनच्या सूचींची एक तपासणी



आजचा विषय पत्रिकेवर वाचताना जरा रुक्ष वाटला असेल. आपल्या कॉम्प्युटरवर बसवलेल्या प्रोग्रॅमिंग लायब्रऱ्या, त्यांच्याबरोबर येणारं डॉक्युमेंटेशन, आणि त्या डॉक्युमेंटेशनची सूची करून ते शोधून देणारी साधनं. आपल्याकडे पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याचीही होते. साधनांची मात्र होत नाही. साधन चाललं तर चाललं, नाही तर दुसरं बघायचं, एवढाच आपला व्यवहार. पण समोर ठेवलेल्या ज्ञानातलं कोणाला काय दिसेल हे जे साधन ठरवतं, त्याची समीक्षा झाली पाहिजे असं आम्हांला वाटतं. म्हणून आज ही साधनं आपण ग्रंथासारखी वाचणार आहोत. त्यांचं काय चांगलं, काय कमी, आणि ती कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली.

आधी प्रश्न कुठे उभा राहतो ते पाहू. अंधेरी असो, बोरिवली, मुलुंड नाही तर घाटकोपर, कॉलेजची कॉम्प्युटर लॅब डोळ्यांसमोर आणा. प्रॅक्टिकलची परीक्षा आहे आणि इंटरनेट बंद ठेवलंय. एका विद्यार्थिनीला यादीतल्या पुन्हापुन्हा आलेल्या ओळी काढून टाकायच्या आहेत. तर्क तिला समजलाय, कमांडचं नाव आठवत नाही. आता गंमत बघा. उत्तर तिच्यासमोरच्या यंत्रात आहे. लिनक्स बसवलं तेव्हा मॅन्युअलची पानं आली, पायथॉन बसवलं तेव्हा प्रत्येक मॉड्यूलच्या आत लिहिलेली माहिती आली. डिस्कवर सगळं आहे, पण तिला ते सापडत नाही. म्हणजे अडचण माहिती नसण्याची नाही, सूचीची आहे. आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : डॉक्युमेंटेशन यंत्रात असणं आणि ते माणसाच्या हाताशी असणं यांच्यामध्ये सूची उभी असते, आणि आजच्या बहुतेक सूची ज्याला नाव आधीच माहीत आहे त्यालाच आत घेतात.

आता कोणी म्हणेल, इंटरनेट बंद असणं हा अपवाद आहे, एरवी सगळं ऑनलाइन आहेच की. या उपनगरांचाच इतिहास थोडा आठवू. जुहूला गुलमोहर रस्त्यावर एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. १९८५ मध्ये स्थापन झालेली, पुढे २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याचा बाहेरच्या जगाशी दुवा याच जुहूतून गेला. १९८९ च्या सुमारास तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला ९६०० बिट वाहणारी लीज लाइन होती. हिशेब करा. एक मेगाबाइट मजकूर आणायला जवळजवळ पंधरा मिनिटं, आणि तेही ती लाइन फक्त तुमच्यासाठी मोकळी असेल तर. अशा काळात मॅन्युअल यंत्रातच असावं लागे. तो शौक नव्हता, दुसरा इलाज नव्हता.

युनिक्स बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं. युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. पुढे छापील मॅन्युअलमध्ये एक 'परम्युटेड इंडेक्स' येऊ लागला. म्हणजे प्रत्येक कमांडच्या वर्णनाची एक ओळ घ्यायची, आणि त्या ओळीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली ती पुन्हा छापायची. तुम्हांला वर्णनातला कुठलाही एक शब्द आठवला तरी तुम्ही कमांडपर्यंत पोचाल. या पद्धतीचं मूळ आयबीएमच्या हान्स पीटर लून यांच्या १९५० च्या दशकाअखेरच्या कामात आहे. कल्पना साधी, पण तिच्यात वाचकाबद्दलची एक समजूत आहे : वाचकाला नाव माहीत नसेल, आणि ते माहीत नसणं हा त्याचा गुन्हा नाही.

आता आजच्या साधनांकडे येऊ. यांत आपण 'स्थानिक' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो, आणि तिथेच पहिला घोटाळा होतो.

कापेली या कंपनीचं मॅकसाठीचं 'डॅश' आणि त्याच जातीचं, लिनक्स आणि विंडोजवर चालणारं मुक्त साधन 'झील' हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वापरलं असेल. यात तुम्ही प्रत्येक भाषेचा किंवा लायब्ररीचा एक तयार संच उतरवून घेता. संचात एचटीएमएल पानं असतात आणि त्यांच्या जोडीला एक छोटा एसक्यूलाइट डेटाबेस. त्या डेटाबेसमध्ये एक तक्ता, त्यात क्रमांक, नाव, प्रकार आणि पानाचा पत्ता असे चार रकाने. एवढ्यावर सगळा खेळ. तुम्ही तीन अक्षरं टाइप करता आणि पान समोर. हे साधन चपळ आहे, नीटस आहे, बंद इंटरनेटवर उत्तम चालतं. याचं कौतुक आम्ही हातचं राखून करत नाही.

पण हे डॉक्युमेंटेशन तुमच्या यंत्रात *ठेवलेलं* आहे, तुमच्या यंत्राचं नाही. संच ज्याने तयार केला त्याने ठरवलेल्या आवृत्तीचा तो असतो. उदाहरण घ्या. लॅबमध्ये उबंटू २०.०४ आहे, त्यात पायथॉन ३.८ आहे. शेजारी झीलमध्ये पायथॉनचा नवा संच उतरवलेला आहे. मजकुराच्या सुरुवातीचा भाग कापायचा म्हणून विद्यार्थी शोधतो, त्याला 'रिमूव्हप्रीफिक्स' हे फंक्शन सापडतं, पान छान आहे, उदाहरणही आहे. तो ते लिहितो आणि यंत्र म्हणतं, असं काही नाहीच. कारण ते फंक्शन ३.९ मध्ये आलं. पानावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं, पण परीक्षेच्या घाईत ते कोण वाचणार? विद्यार्थ्याला वाटतं, आपलंच चुकलं. ज्यात त्याचा दोष नाही, त्यासाठी तो अर्धा तास स्वतःला दोष देतो.

याउलट पायथॉनबरोबरच येणारं 'पायडॉक'. २००१ पासून, पायथॉन २.१ पासून ते आहे. ते कुठून तयार संच आणत नाही. तुमच्या यंत्रावर जी लायब्ररी बसवली आहे, तिच्याच कोडमधली माहिती वाचून दाखवतं. एक छोटा पर्याय दिला की ते तुमच्याच यंत्रावर एक छोटा सर्व्हर चालू करतं आणि ब्राउझरमध्ये बसवलेल्या सगळ्या मॉड्यूलची यादी उघडतं. इथे आवृत्तीचा घोळ होऊ शकत नाही. जे बसवलंय तेच दिसतं. हे खऱ्या अर्थाने स्थानिक. डेबियन घराण्यातही अशी एक चांगली व्यवस्था आहे : 'डॉक-बेस'. प्रत्येक पॅकेज आपलं डॉक्युमेंटेशन कुठे ठेवलंय याची तिथे नोंद करतं आणि 'डीडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' सारखी साधनं ती नोंद वाचून ब्राउझरमध्ये दाखवतात.

बरं, मग अडलं कुठे? एक तर अलीकडे डॉक्युमेंटेशन बसवायचीच टाळाटाळ होते. डेबियन-उबंटूमध्ये पायथॉनचं पूर्ण डॉक्युमेंटेशन वेगळ्या पॅकेजमध्ये असतं, ते आपणहून मागितल्याशिवाय येत नाही. रुबीवाले तर आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डॉक्युमेंट नको' अशी ओळ लिहून ठेवतात, म्हणजे लायब्ररी दोन मिनिटं लवकर बसते. उबंटूच्या लहान केलेल्या प्रतींमधून मॅन्युअलची पानंच काढलेली असतात. सर्व्हरवर हे ठीक आहे. पण तीच सवय शिकणाऱ्याच्या यंत्रावर आली की सूचीला सूचित करायला काही उरतच नाही. ज्या लॅबमध्ये शंभर यंत्रं एकाच नमुन्यावरून भरली जातात, तिथे नमुना तयार करणाऱ्याचा एक निर्णय शंभर जागी लागू होतो, हे लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. नाव आणि अर्थ.

मगाशी जी विद्यार्थिनी पाहिली, तिच्याकडे परत जाऊ. तिला पुन्हा आलेल्या ओळी काढायच्या आहेत. मुंबईत यासाठी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द : डुप्लिकेट. डुप्लिकेट चावी, डुप्लिकेट सिम, डुप्लिकेट मार्कशीट. ती 'मॅन' कमांडला 'के' पर्याय देऊन 'डुप्लिकेट' हा शब्द इंग्रजीत शोधते. हा पर्याय प्रत्येक मॅन्युअल-पानाचं नाव आणि त्यापुढचं एका ओळीचं वर्णन यांत शोधतो. सी भाषेची पानं बसवलेली असली तर तिला 'डुप' मिळतं, जे फाइल डिस्क्रिप्टरची नक्कल करतं, आणि मजकुराची नक्कल करणारं 'स्ट्रडुप'ही मिळतं. तिला हवी असलेली कमांड 'युनिक' मात्र मिळत नाही. का? कारण 'युनिक' लिहिणाऱ्याने वर्णनात 'रिपीटेड लाइन्स' असे शब्द वापरले, 'डुप्लिकेट' नाही. एक माणूस एक ओळ लिहिताना एक शब्द निवडतो, आणि दुसऱ्या शब्दाने विचार करणाऱ्या सगळ्यांसाठी दार लागतं.

पायडॉकमध्येही 'के' पर्याय आहे. तो मॉड्यूलची नावं आणि त्यांच्या माहितीची पहिली ओळ एवढंच पाहतो. 'सॉर्ट' शोधा. क्रम लावायचं पायथॉनमधलं सगळ्यांत साधं, रोज लागणारं फंक्शन 'सॉर्टेड' त्यात येणार नाही. कारण ते मॉड्यूल नाही, मॉड्यूलच्या आतलं फंक्शन आहे. म्हणजे आवृत्तीच्या बाबतीत जे साधन सगळ्यांत प्रामाणिक, तेच शोधाच्या बाबतीत उथळ. आणि झील, जे शोधायला सगळ्यांत चपळ, ते आवृत्तीची हमी देत नाही, आणि त्याचाही शोध नावांवरच चालतो. 'सॉर्टेड' टाइप केलंत तर क्षणात मिळेल. 'क्रम' कसा लावायचा, असं मनात असेल तर ते गप्प.

मग कोणी हे बरं केलंय का? केलंय. आर ही संख्याशास्त्राची भाषा बघा. तिथे दोन प्रश्नचिन्हं लिहून एक शब्द दिला की *बसवलेल्या* सगळ्या पॅकेजांच्या मदतपानांत शोध होतो. नुसत्या नावात नाही. शीर्षकात, पर्यायी नावांत आणि 'कन्सेप्ट' नावाच्या खास नोंदींत. पाच किंवा जास्त अक्षरांचा साधा शब्द असेल तर स्पेलिंग थोडं चुकलं तरी जुळवून घेतो. 'डुप्लिकेट' दिलं तर 'डुप्लिकेटेड' हे पान येतं. आणि ही 'कन्सेप्ट' नोंद फार मोलाची आहे. पान लिहिणारा तिथे सांगू शकतो की ज्या शब्दाचा पानावर उल्लेखच नाही, त्या शब्दानेही लोक इथे येतील, त्यांना येऊ द्या. शिवाय आरच्या तपासणीत, जे फंक्शन बाहेर वापरायला दिलंय त्याचं डॉक्युमेंटेशन नसेल तर इशारा मिळतो. म्हणजे सूची ही नंतर चिकटवलेली गोष्ट नाही, लायब्ररी लिहिण्याच्या शिस्तीचा भाग आहे. आम्ही पाहिलेल्या साधनांत शिकणाऱ्याच्या बाजूने सगळ्यांत जास्त विचार इथे दिसतो.

हास्केल भाषेचं 'हूगल' आणखी वेगळ्या वाटेने जातं. तिथे नाव माहीत नसलं तरी चालतं. काय घेऊन काय परत द्यायचं, एवढा साचा दिला की त्या साच्याची फंक्शनं ते पुढे ठेवतं, आणि बसवलेल्या पॅकेजांची सूची आपल्याच यंत्रावर करता येते. पण साचा लिहिता येण्यासाठी ती भाषा बऱ्यापैकी यावी लागते. तेव्हा हे साधन तयार विद्यार्थ्याचं.

या ठिकाणी जरा आपल्या परंपरेकडे वळू या. मिरवायला नाही, कामाला लावायला. ऋग्वेदाची सर्वानुक्रमणी, जी कात्यायनाच्या नावावर आहे, तिच्यात प्रत्येक सूक्ताचे सुरुवातीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद दिलेला आहे. म्हणजे ज्याला सूक्त तोंडपाठ नाही, पण देवता माहीत आहे, त्यालाही वाट आहे. एकाच गोष्टीला अनेक दारं. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ मध्ये आली, १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची. विषयवार मांडणीमुळे, लेखकाचं नाव न ऐकलेला वाचकही पुस्तकापर्यंत जाऊ शकतो. आणि रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा नियम सांगतो की वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. आपल्याकडे यादी आणि सूची हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगाच नाही. वाण्याकडे नेतो ती यादी, तिच्यात काय आहे ते आपल्याला आधीच माहीत असतं. सूची सुचवते. या कसोटीवर आजची बरीच साधनं सूची नाहीत, चपळ याद्या आहेत.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे गोष्ट आपल्या अगदी अंगाशी येते. लिपी.

समजा आपण ठरवलं की डॉक्युमेंटेशनवर मराठी टिपणं लिहू, आपल्याच शब्दांत शोधू. साधनं त्याला तयार आहेत का? पायथॉनमध्ये मजकुराचे शब्द पाडायची नेहमीची खूण म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि त्यापुढे डब्ल्यू. अर्थ : 'शब्दातलं अक्षर'. पायथॉनसोबत येणाऱ्या 'आरई' मॉड्यूलमध्ये ही खूण अक्षरं आणि आकडे धरते, पण आपली काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलंत ही चिन्हं धरत नाही. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. 'शब्द' या शब्दाचे 'शब' आणि 'द' असे दोन तुकडे पडतात. 'सूची'चे 'स' आणि 'च'. 'घाटकोपर'चे 'घ', 'टक', 'पर'. आणि आता ऐका. 'मुलुंड'चे तुकडे होतात म, ल, ड. 'मालाड'चेही होतात म, ल, ड. एक मध्य रेल्वेवर, दुसरं पश्चिम रेल्वेवर, आणि या सूचीला दोन्ही एकच. हे घरी करून बघता येईल, एका ओळीचा कोड लागतो.

ही एखाद्याच साधनाची गफलत नाही. पायथॉनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन ज्या 'स्फिंक्स' साधनाने तयार होतं, त्याची शब्द पाडायची मूळ पद्धत याच खुणेवर उभी आहे. एसक्यूलाइटच्या 'एफटीएस-५' या मजकूर-शोधाच्या भागात नेहमीचा टोकनायझर अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो, जोडचिन्हांना नाही. तो बदलायची सोय आहे, एका पर्यायात जोडचिन्हांचे वर्ग वाढवले की झालं. पण ते करायला हवं हे कोणाला तरी माहीत असावं लागतं, आणि न सांगता मिळते ती सेटिंग आपल्यासाठी नाही. इंग्रजीत हा दोष कधी दिसतच नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

जुहूच्या त्याच संस्थेतून पुढे लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्यात म्हणून 'इंडिक्स' हे काम झालं. आज कुठल्याही स्वस्त यंत्रावर देवनागरी नीट दिसते, यामागे अशा अनेकांचे कष्ट आहेत. पण लिपी पडद्यावर आली, सूचीत आली नाही. दिसणं आणि सापडणं या दोन वेगळ्या लढाया आहेत, आणि दुसरी अजून बाकी आहे.

आता आक्षेप घेऊ. पहिला नेहमीचा : प्रोग्रॅमिंग इंग्रजीतच असतं, मग मराठी शोध कशाला? मान्य, फंक्शनचं नाव इंग्रजीच राहील, राहू दे. पण प्रश्न मनात कुठल्या भाषेत उठतो? 'दुबार नावं कशी काढू' असा उठला तर त्याला उत्तर का मिळू नये? उत्तर इंग्रजी नावाचंच द्या. आम्ही भाषांतर मागत नाही, दार मागतोय. इंग्रजी नाव शिकायचं कुठे, तर या दारातून आत गेल्यावर.

दुसरा आक्षेप आजचा : आता एआय आहे, मराठीत विचारलं तरी सांगतो, सूचीची गरजच काय? हा आक्षेप हलका नाही. अर्थाकडून नावाकडे जायची जी वाट सूचींनी दिली नाही, ती एआयने दिली, म्हणून तर लोक तिकडे गेले. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. तो तुमच्या यंत्रावर काय बसवलंय ते आपणहून ओळखत नाही. पांडाज लायब्ररीतली तक्त्याला ओळ जोडणारी 'अपेंड' पद्धत २.० आवृत्तीत, २०२३ मध्ये, काढून टाकली गेली. पण त्याआधीची हजारो उदाहरणं जगात पडून आहेत आणि उत्तरांत येत राहतात. दुसरी गोष्ट, चांगली स्थानिक सूची 'नाही' म्हणू शकते. 'हे तुझ्या यंत्रात नाही' हे उत्तर शिकणाऱ्याला फार उपयोगी पडतं. आणि परीक्षेच्या लॅबमध्ये, बंद इंटरनेटवर, तुमच्याजवळ उरते ती सूचीच.

तिसरा आक्षेप मास्तरांचा : परीक्षेत मॅन्युअल शोधू दिलं तर कॉपी होईल. आम्हांला उलट वाटतं. डॉक्युमेंटेशनमध्ये तयार उत्तर नसतं, साहित्य असतं. ते शोधून, वाचून, वापरता येणं हेच या धंद्यातलं रोजचं काम आहे. घोकलेलं नाव तपासायचं की ही क्षमता, एवढं आधी ठरवू या.

मग करायचं काय? नुसती नावं ठेवून थांबणं ही समीक्षा नाही. तीन गोष्टी सुचवतो, तिन्ही आपल्या आवाक्यातल्या.

पहिली. लॅबचा नमुना तयार करताना डॉक्युमेंटेशनची पॅकेजं त्यात घालायची, आणि झीलसारखं साधन ठेवलं असेल तर बसवलेल्या आवृत्तीशी त्याचा संच जुळतो का ते बघायचं. खर्च शून्य. डिस्कवर थोडी जागा जाईल, एवढंच.

दुसरी. मराठी शब्दांची जोडसूची. मगाशी सांगितलेला चार रकान्यांचा तक्ता आठवा. नावाच्या रकान्यात 'क्रम लावणे' लिहायचं आणि पत्त्याच्या रकान्यात 'सॉर्टेड'च्या पानाचा पत्ता द्यायचा. एसक्यूलाइटला नाव देवनागरीत असल्याने काही फरक पडत नाही. दोनशे ओळी लिहिल्या तर पहिल्या दोन सत्रांचा अभ्यास बराचसा झाकला जाईल असा आमचा अंदाज. यात शब्द कुठले घ्यायचे, हा वाद लगेच उभा राहील. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातला की लॅबमधला? आमचं उत्तर : दोन्ही. 'डुप्लिकेट' घ्या, 'दुबार' घ्या, 'पुन्हा आलेले' घ्या. कोशाला एक प्रमाण शब्द निवडावा लागतो, सूचीला तशी सक्ती नाही. शुद्ध-अशुद्धाचा निवाडा करणं हे तिचं काम नाही, येणाऱ्याला पोचवणं हे आहे.

तिसरी. कच्चा माल शोधायला लांब जायची गरज नाही. पवईला, आयआयटी मुंबईत, 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आहे. लिनक्स, पायथॉन, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरचे धडे, आणि त्यांतल्या अनेकांचं निवेदन मराठीसह भारतीय भाषांत. पडद्यावर कमांड इंग्रजीत, कानावर समजावणं मराठीत. त्या निवेदनाच्या वेळ नोंदवलेल्या लिखित संहिता आहेत, आणि हे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. म्हणजे 'अमुक करायचं असेल तर तमुक कमांड' अशी मराठी वाक्यं, इंग्रजी नावांना जोडलेली, लिहून तयार आहेत. ती धड्यात बंद आहेत, सूचीत उतरलेली नाहीत. एखाद्या कॉलेजने एका सत्राचा प्रकल्प म्हणून ती उतरवावी. शब्द पाडताना मात्र मुलुंड-मालाडचं विसरू नका.

शेवटी एक निवाडा, कारण समीक्षकाने तो टाळू नये. चपळाईत झील पुढे, प्रामाणिकपणात पायडॉक, आणि शिकणाऱ्याचा विचार करण्यात आरची शोधपद्धत. एकाही साधनाला मराठी वाचक असतो याची कल्पना नाही. पण यातली बरीचशी साधनं मुक्त आहेत, उघडून बघता येतात, दुरुस्त करता येतात. तेव्हा तक्रार आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवू शकत नाही.

घरी गेल्यावर एक करा. आपल्या यंत्रावर, इंटरनेट बंद करून, तुम्हांला येतं असं एखादं साधं काम शोधून बघा, पण त्याचं नाव माहीत नाही असं समजून. किती दारं लागलेली आहेत ते मोजा, आणि त्यावर एक-एक पाटी लिहायला घ्या.

थांबतो. प्रश्न घेऊ या.